युद्धकैद्यांचा वकील : हॉवर्ड लेव्ही, जनरल थोरात आणि कलम ११८

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकी ओलांडली की खंडाळा लागते. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याने नावाची सगळी कीर्ती बळकावल्यामुळे 'आमचे खंडाळा साताऱ्याचे' असे मुद्दाम सांगावे लागते. सावित्रीबाई फुल्यांचे नायगाव याच तालुक्यातले, एवढे सांगितले की बहुतेकांना ओळख पटते. या तालुक्याची आणि एकूण सातारा-सांगली पट्ट्याची दुसरी ओळख फौजेची. जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, असे तिथले स्मारक सांगते. अशा मुलखात युद्धाविषयी बोलणे पुष्कळ होते. शौर्याच्या कथा, पोवाडे, पदके, पेन्शन या सगळ्यांना बोलण्यात जागा असते. युद्धाला कायदा असतो आणि तो कोणीतरी, कोणालातरी, वर्गात बसवून शिकवावा लागतो, ही गोष्ट मात्र बोलण्यात क्वचितच येते. प्रस्तुत लेखात अशा एका शिक्षकाच्या कारकिर्दीचा मागोवा घ्यायचा आहे. हा शिक्षक अमेरिकन सैन्यातला वकील होता. परंतु त्याच्या कारकिर्दीचे धागे एकदा कोल्हापूरच्या एका सेनानीच्या कामगिरीपाशी आणि एकदा थेट भारत सरकारच्या धोरणापाशी येऊन पोहोचतात. म्हणून तो आपल्याही वाचनाचा विषय ठरावा.

आधी थोडी पार्श्वभूमी हवी. २९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातील कुत येथे ब्रिटिशांच्या सहाव्या डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. या डिव्हिजनचे नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सैनिक आणि नोकरचाकर मिळून सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. वरिष्ठ अधिकाऱ्यांना बऱ्यापैकी वागणूक मिळाली. साध्या शिपायांना मात्र वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले आणि त्यांतल्या अनेकांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. हजारो परत आलेच नाहीत. कैद्याला आपल्या स्वतःच्या सैनिकासारखे अन्न आणि निवारा द्यावा, त्याच्याकडून लढाईशी संबंधित काम करून घेऊ नये, हे नियम त्याआधीच हेगच्या परिषदांनी लिहून ठेवलेले होते. आपल्या बाजूने असा काही कागद अस्तित्वात आहे, हे त्या शिपायांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना हाकणाऱ्या पहारेकऱ्यांनाही ते कोणी शिकवलेले नसावे.

इथे एक मोह आवरायला हवा. असा विषय निघाला की 'हे सगळे आपल्याकडे पूर्वीच होते' असे म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तिला आधार नाही असे नाही. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात शरण आलेल्यावर, निःशस्त्रावर, विषारी बाणांनी प्रहार करू नये असे सांगितले आहे. शिवाजी महाराजांनी १६७३ साली चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेच्या गवताच्या काडीला आणि भाजीच्या देठाला हात लावू नका, अशा आशयाची ती ताकीद मराठी गद्याचा नमुना म्हणून आम्ही वर्गात शिकवतो. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा शरण आलेल्या पोर्तुगीज शिबंदीला ठरलेल्या अटींवर शस्त्रांसह आणि कुटुंबांसह सन्मानाने बाहेर जाऊ दिले, आणि दिलेला शब्द पाळला. 'कौल' या शब्दात जुन्या मराठीने हा सारा व्यवहार साठवला आहे. तथापि चिपळूणचे पत्र स्वतःच्या सैन्याला स्वतःच्या रयतेविषयी दिलेला हुकूम आहे, आणि वसईचा कौल दोन सेनापतींमधला करार आहे. हुकूम देणारा गेला की हुकूम संपतो. कौल त्या एका किल्ल्यापुरता असतो. कोणत्याही युद्धात, कोणत्याही शत्रूच्या कोणत्याही शिपायाला आधीच लागू असलेला नियम ही निराळी कल्पना आहे, आणि तिचा इतिहास फार जुना नाही.

त्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः अमेरिकन यादवी युद्धापासून धरतात. मूळचा जर्मन असलेला फ्रान्सिस लीबर हा कोलंबियातील प्राध्यापक. त्याने लिहिलेली १५७ कलमांची संहिता राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या सरकारने २४ एप्रिल १८६३ रोजी सैन्याचा हुकूम म्हणून जारी केली. लीबरचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूने लढताना मेला होता आणि दुसऱ्याने उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावला होता. तिसरा मुलगा नॉर्मन लीबर पुढे वेस्ट पॉइंट येथे कायद्याचा प्राध्यापक आणि नंतर सैन्याचा जज ॲडव्होकेट जनरल झाला. गणवेशातला वकील आणि त्याने सैनिकांनाच शिकवलेला युद्धाचा कायदा ही परंपरा अशी एका घरातून निघाली. आपला नायक याच परंपरेतला.

हॉवर्ड लेव्ही यांचा जन्म १९०७ चा. (व्हिएतनाम युद्धात लष्कराची आज्ञा नाकारल्याबद्दल १९६७ साली कोर्टमार्शल झालेला डॉक्टर हॉवर्ड लेव्ही हा वेगळा; देवनागरीत दोघांची नावे एकच होतात, म्हणून हा खुलासा.) कॉर्नेल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये वकिली केली. दुसऱ्या महायुद्धाने त्यांना सैन्यात आणले आणि युद्ध संपल्यावरही ते तिथेच, सैन्याच्या विधी शाखेत राहिले. त्या शाखेतले रोजचे काम रुक्ष असते. कोर्टमार्शलची कागदपत्रे तपासणे, कंत्राटे, नुकसानभरपाई, शिस्तीचे खटले. लेव्हींच्या वाट्याला मात्र १९५१ साली एक असाधारण काम आले. कोरियात युद्ध थांबवण्याची बोलणी सुरू झाली होती आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेनापतीच्या शिष्टमंडळाला मसुदा लिहिणारा वकील हवा होता. पुढे शस्त्रसंधी म्हणून ज्यावर सह्या झाल्या त्या करारनाम्याचा बराचसा मसुदा लेव्हींच्या हातचा, असे मानले जाते.

मसुद्यातली बाकीची कलमे पुष्कळशी जुळली. सीमारेषा, देखरेख, विमानतळांची दुरुस्ती यांवर वाद झाले, पण ते सुटले. बोलणी वर्षाहून अधिक काळ अडून राहिली ती एकाच प्रश्नावर : युद्धकैद्यांचे काय करायचे? १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातील ११८ वे कलम सांगते की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर युद्धकैद्यांना विनाविलंब मुक्त करून मायदेशी पाठवावे. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या महायुद्धानंतर वर्षानुवर्षे परमुलखात राबवले गेलेले कैदी होते. घरी जाण्याचीच इच्छा नसलेला कैदी त्यांच्या कल्पनेत फारसा नव्हता. कोरियात तर असे कैदी हजारोंनी निघाले. चिनी कैद्यांपैकी कित्येक पूर्वी चँग कै-शेकच्या सैन्यात होते आणि त्यांना तैवानला जायचे होते. उत्तर कोरियाच्या सैन्यातले कित्येक मुळात दक्षिणेतून भरती केलेले होते. चीन आणि उत्तर कोरिया म्हणत, कलम स्पष्ट आहे, सगळे परत द्या. अमेरिका म्हणे, माणसाला बळजबरीने परत ढकलणे हा कलमाचा हेतू असूच शकत नाही. गंमत अशी की कराराच्या अक्षरावर बोट ठेवणारे एकीकडे आणि त्याच्या आशयावर बोट ठेवणारे दुसरीकडे, आणि दोघांनाही कैद्यांपेक्षा प्रचारात अधिक रस. दरम्यान युद्ध चालूच होते आणि माणसे मरत होती.

तोडगा भारताकडून आला. व्ही. के. कृष्ण मेनन यांनी पुढे केलेला प्रस्ताव संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ३ डिसेंबर १९५२ रोजी स्वीकारला. त्याचा गाभा असा की परत जाण्यास नकार देणारे कैदी तटस्थांच्या ताब्यात द्यावेत आणि त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींना त्यांची समजूत घालण्याची संधी मिळावी. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली तेव्हा हीच कल्पना बदललेल्या रूपात अमलात आली. तत्पूर्वी जूनमध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी सुमारे २७ हजार कैद्यांना परस्पर सोडून देऊन सगळा डाव जवळजवळ उधळला होता, तो भाग निराळा. भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. अध्यक्षपद लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या यांच्याकडे आले. प्रत्यक्ष ताबा ठेवण्याचे काम भारतीय 'कस्टोडियन फोर्स'चे होते. तिचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात.

थोरात (१९०६-१९९२) कोल्हापूरचे. सँडहर्स्टला शिकलेले, १९४५ साली ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे नेतृत्व करून डी.एस.ओ. मिळवलेले. पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना चिनी आक्रमणाविषयी त्यांनी दिलेला इशारा दुर्लक्षिला गेला, या संदर्भात त्यांचे नाव आपल्याकडे घेतले जाते. आमच्या मते त्यांची कोरियातली कामगिरी त्याहून अवघड होती. सुमारे सहा हजारांचे दल घेऊन ते गेले. सिंगमन रींनी भारतीयांना दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही असे जाहीर केल्यामुळे सैनिकांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तिथे त्यांच्या स्वाधीन झाले २२,६०४ कैदी : १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियन. याखेरीज दुसऱ्या बाजूकडून आलेले ३५९ होते, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

आता कायद्याच्या दृष्टीने ही परिस्थिती पाहावी. ज्याच्या ताब्यात कैदी आहेत तो भारत युद्धात कधी उतरलाच नव्हता. जिनिव्हा कराराची कलमे दोन शत्रूंसाठी लिहिलेली, आणि इथे एका त्रयस्थाला ती पाळायची होती. कैद्यांच्या आवारांत त्यांच्या स्वतःच्या संघटनांचे राज्य होते. परत जाण्याचा विचार बोलून दाखवणाऱ्याला आतल्या आत संपवले जाई. कराराचे ४२ वे कलम सांगते की कैद्यांवर शस्त्र चालवणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि त्याआधी इशारा दिलाच पाहिजे. १३ वे कलम सांगते की कैद्याचे हिंसेपासून रक्षण करणे हे ताबेदाराचे कर्तव्य आहे. म्हणजे आत शिरून दंडेली मोडावी तर एका कलमाची अडचण, आणि बाहेर उभे राहावे तर दुसऱ्याची.

२५ सप्टेंबर १९५३ रोजी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या भारतीय अधिकाऱ्याला आवारात पकडून ठेवले. थोरात निःशस्त्र आत गेले. जमाव त्यांच्याभोवती आवळला. त्या कोंडीत त्यांनी जे केले ते प्रसिद्ध आहे : चिनी माणसाच्या आतिथ्याची कीर्ती ऐकून होतो, पण इतका वेळ झाला तरी पाहुण्याला साधी सिगारेट की चहा विचारला नाही, अशा आशयाची त्यांनी तक्रार केली. सिगारेटी आल्या, चहा आला, ताण सैलावला आणि ग्रेवाल यांच्यासह ते बाहेर पडले. ही गोष्ट सांगताना सांगणारे थोरातांच्या हजरजबाबीपणावर थांबतात. आम्हाला त्यात ४२ वे कलम दिसते. बंदुका बाहेर सज्ज होत्या आणि त्या न वापरता अधिकारी सोडवायचा होता. दर वेळी हे साधले असे नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत दंगा झाला, गोळीबार करावा लागला आणि काही कैदी मेले.

समजुतीच्या कार्यक्रमाचे हाल झाले. तंबूत येऊन प्रतिनिधींचे ऐकायला कैद्यांनी नकार दिला. त्यांना ओढून आणावे असा एका बाजूचा आग्रह. असे झाले तर हजारो माणसे मरतील हे उघड होते. बळ वापरले गेले नाही. ९० दिवसांची मुदत २३ डिसेंबरला संपली, तोवर कैद्यांतल्या थोड्याच जणांपर्यंत प्रतिनिधी पोहोचू शकले होते. आवारांतल्या खुनांबद्दल आरोपी कैद्यांवर भारतीय कोर्टमार्शलपुढे कारवाई सुरू झाली. इथे सैन्यातल्या वकिलांचे काम पणाला लागते. करारानुसार युद्धकैद्याचा खटला ताबेदार सैन्याच्या स्वतःच्या सैनिकाला लागू असलेल्या पद्धतीनेच चालवावा लागतो, त्याला बचावाचा वकील आणि साक्षीदार मिळावे लागतात. आणि आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टप्रमाणे जनरल कोर्टमार्शलला जज ॲडव्होकेटची उपस्थिती सक्तीची आहे. हा सगळा विधी पाळायचा, तर साक्षीदार त्याच आवारांतून आणायचे जिथे साक्ष देणाऱ्याचा जीव सुरक्षित नव्हता. खटले पुरे झाले नाहीत. २० जानेवारी १९५४ पासून उरलेले कैदी ज्यांनी आणून दिले होते त्यांच्याकडे परत केले गेले आणि तिथून बहुसंख्य चिनी तैवानला गेले. दोन्हीकडे जायला नकार देणारे ८८ जण जहाजातून मद्रासला आले.

या सगळ्यात भारताने कोणाचीच मर्जी राखली नाही. दोन्ही बाजूंनी पक्षपाताचा आरोप केला, ही तटस्थतेची बऱ्यापैकी पावती म्हणता येईल. पण खुनांचा न्याय झाला नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि आपल्याकडच्या गौरवलेखांत ते येत नाही.

लेव्ही तोपर्यंत वॉशिंग्टनला परतले होते. पन्नाशीच्या दशकात ते सैन्याच्या विधी शाखेतल्या आंतरराष्ट्रीय विभागाचे प्रमुख होते आणि त्याच सुमारास त्यांचे लेखन सुरू झाले. शस्त्रसंधी म्हणजे काय, तिने युद्ध संपते की नुसते थांबते, यावर १९५६ साली. युद्धकैद्यांच्या हितासाठी नेमायच्या 'संरक्षक राष्ट्रा'वर १९६१ साली. कैद्यांचा छळ करणाऱ्याच्या शिक्षेवर, कैद्यांकडून करून घ्यायच्या कामावर, आणि नंतर व्हिएतनाममधल्या कैद्यांच्या छळावर. विषय पाहिले की लक्षात येते, हा माणूस सिद्धान्तांचा फारसा भोक्ता नाही. कैद्याला कोणते काम देता येते? खाणीत उतरवता येते का? दारूगोळ्याची पेटी उचलायला सांगता येते का? रेल्वे बांधायला? कुतच्या मराठा शिपायांच्या संदर्भात वाचताना हे प्रश्न पुस्तकी वाटत नाहीत.

१९६३ साली कर्नल पदावरून निवृत्त होऊन ते सेंट लुई विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक झाले आणि १९७७ पर्यंत तिथे शिकवत राहिले. मध्ये १९७१-७२ साली न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजमध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्टॉक्टन अध्यासन त्यांच्याकडे होते. युद्धकैद्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ याच कॉलेजच्या मालिकेत सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात आला. अधिकाऱ्यांना शिकवणे आणि विधी महाविद्यालयातल्या मुलांना शिकवणे यांत फरक असतो. विद्यार्थी 'असे का?' विचारतो. अधिकारी विचारतो, 'मग मी नेमके काय करू?' लेव्हींच्या लेखनात दुसऱ्या प्रश्नाचा वास सतत येतो. जिनिव्हा करारातच १२७ वे कलम आहे. त्यानुसार कराराचा अभ्यास सैनिकी शिक्षणात, आणि शक्य असल्यास नागरी शिक्षणातही, समाविष्ट करण्याची राष्ट्रांवर जबाबदारी आहे. स्वतःच्या अध्यापनाची सोय स्वतःच करून ठेवणारे कायदे फार नसतात. या कायद्याला तसे करावे लागले, कारण रणांगणावर त्याच्यापाशी पोलीस नसतो. असतो तो फक्त हाती बंदूक असलेला एक शिपाई आणि त्याला पूर्वी कोणीतरी काय सांगितले होते याची आठवण.

लेव्ही न्यूपोर्टला शिकवत होते त्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. नागरिक धरून सुमारे ९३ हजार माणसे भारताच्या ताब्यात आली. त्यांना छावण्यांत ठेवण्यात आले आणि त्यांची व्यवस्था एकंदरीत कराराला धरून राहिली. प्रश्न पुढचा होता. लढाई थांबली, १९७२ च्या जुलैत सिमला करार झाला, तरी कैदी परत गेले नाहीत. भारताचे म्हणणे असे की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली आहे, म्हणून बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही. आणि पाकिस्तान बांगलादेशाला मान्यता द्यायला तयार नाही. बांगलादेशाला त्यांतल्या काहींवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते.

१९७३ साली अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय कायद्याच्या प्रमुख नियतकालिकात लेव्हींचा लेख आला. विषय भारताने चालू ठेवलेली ही कैद. निष्कर्ष भारताच्या विरोधात गेला : ११८ वे कलम 'विनाविलंब' म्हणते आणि भारताने पुढे केलेली कारणे त्या कलमात बसत नाहीत.

भारतीय वाचकाला हे झोंबणे स्वाभाविक आहे. ज्या अमेरिकेने कोरियात ११८ व्या कलमाचे अक्षर बाजूला सारून कैद्यांना परत पाठवण्यास नकार दिला, तिच्याच शिष्टमंडळातल्या वकिलाने वीस वर्षांनी तेच अक्षर भारतापुढे धरावे? आणि तेही निक्सन सरकार पाकिस्तानच्या पाठीशी उभे राहिल्यानंतर? दुटप्पीपणाचा आरोप करायला एवढे पुरेसे वाटते. आम्ही या आरोपाचा बराच विचार केला आणि तो टिकत नाही असे आमचे मत झाले. कोरियात परतीच्या आड येत होती ती कैद्याची स्वतःची इच्छा. १९७२ साली छावण्यांतल्या माणसांना घरी जायचे होते. आड येत होता दोन सरकारांमधला व्यवहार. करार हा कैद्याच्या हितासाठी आहे, ही एकच कसोटी दोन्हीकडे लावली तर कोरियात एक उत्तर येते आणि सिमल्यानंतर दुसरे. शिवाय गुन्ह्याची कारवाई ज्यांच्यावर चालू आहे त्यांना मागे ठेवण्याची मुभा ११९ व्या कलमात आहेच. बांगलादेशाला ज्यांच्यावर खटले हवे होते त्यांची संख्या शेवटी १९५ ठरली. १९५ जणांसाठी ९३ हजार अडकवून ठेवण्याला त्या कलमाचा आधार मिळत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालात जे घडले त्याचे भीषण स्वरूप, कोटीच्या घरातले निर्वासित, हे सगळे मनात ठेवूनही हे म्हणावे लागते. थोरातांच्या छावणीत आपण ज्या कराराचे विश्वस्त म्हणून मिरवलो, तोच करार इथे आपल्याला जड झाला.

पाकिस्तानने मे १९७३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. भारतातल्या न्यायालयात एखाद्या कैद्याने दाद मागितली असती तर? तो रस्ता बहुधा बंदच होता, आणि तो बंद झाला होता गोव्याच्या एका खटल्यात. गोव्यातले ख्रिस्ती धर्मगुरू मोन्तेइरो यांनी १९६१ नंतर पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले होते. परवान्याशिवाय राहिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. आपण व्याप्त प्रदेशातले रहिवासी आहोत, चौथ्या जिनिव्हा कराराचे संरक्षण आपल्याला आहे, असा त्यांचा युक्तिवाद. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला; एके काळी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. सामिलीकरणाने 'व्याप्ती' संपली, आणि आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा गंभीर उल्लंघनांना शिक्षा सांगत असला तरी व्यक्तीला त्यातून स्वतंत्र हक्क मिळत नाही, असे त्या निकालाचे सार. शिक्षेसाठीसुद्धा त्या कायद्याखाली तक्रार सरकारनेच करावी लागते. म्हणजे हा कायदा आपल्या न्यायालयांत जवळजवळ मुका आहे. तो बोलायचा तर सैन्याच्या वर्गात.

२८ ऑगस्ट १९७३ रोजी दिल्लीत भारत-पाकिस्तान समझोता झाला आणि कैदी परतू लागले. लेव्हींनी त्यावरही लगेच टिपण लिहिले. पाकिस्तानने हेगचा दावा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मागे घेतला. उरलेल्या १९५ जणांनाही एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय समझोत्यानुसार परत जाऊ देण्यात आले. त्यांच्यावर खटला कोणीच चालवला नाही. कोरियातल्या आवारांतल्या खुनांप्रमाणेच इथेही कैद्यांचा प्रश्न सुटला आणि न्यायाचा राहिला.

लेव्ही २००९ साली वारले, वयाच्या १०१ व्या वर्षी. निवृत्तीनंतर न्यूपोर्टमध्ये ते स्थिरावले आणि नव्वदी ओलांडल्यावरही लिहीत होते. २००२ साली त्यांनी कोरियन युद्धाचा कायदेशीर आढावा घेणारा लेख प्रसिद्ध केला. नेव्हल वॉर कॉलेजमध्ये त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. थोरातांनी सैन्यातून निवृत्त झाल्यावर आत्मचरित्र लिहिले, त्यात कोरियाचा भाग आहे. या दोघांची भेट झाल्याचा उल्लेख आमच्या वाचनात नाही. एकाने मसुदा लिहिला आणि दुसऱ्याने त्याच मसुद्याने आखलेल्या पट्ट्यात तारेच्या कुंपणाआड पाच महिने काढले.

आपल्याकडे हा विषय शिकवण्याची जागा महाराष्ट्रातच आहे. नागपूरजवळ कामठीच्या जुन्या छावणीत सैन्याची लष्करी विधी संस्था आहे. विधी पदवीधर म्हणून सैन्यात घेतलेले जज ॲडव्होकेट जनरल शाखेचे अधिकारी तिथे तयार होतात. या शाखेत पुरुषांसाठी अधिक आणि स्त्रियांसाठी कमी जागा राखण्याची पद्धत ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, त्यामुळे पुढच्या काळात सातारा-सांगलीच्या विधी महाविद्यालयांतल्या मुलींनाही ही वाट अधिक मोकळी झाली आहे. १२७ व्या कलमाचा पहिला अर्धा भाग, सैनिकी शिक्षणाचा, अशा रीतीने चालू आहे. दुसऱ्या अर्ध्याचे, नागरी शिक्षणाचे, काय? विधी अभ्यासक्रमात एखादे ऐच्छिक प्रकरण असते. मराठीत मात्र या विषयाला परिभाषासुद्धा पक्की नाही. वर्तमानपत्रे 'युद्धबंदी' हा शब्द लढाई थांबण्यासाठी वापरतात आणि पकडलेल्या सैनिकासाठीही. मथळ्यात तो आला की आधी बातमी वाचावी लागते आणि मग ठरवावे लागते की तोफा थांबल्या आहेत की माणूस धरला गेला आहे. जिनिव्हा करारांचा सुबोध, कलमवार, टिपांसह मराठी अनुवाद ही एखाद्या विद्यापीठाच्या मराठी आणि विधी विभागांनी मिळून वर्षभरात करण्यासारखी गोष्ट आहे. पलटणीत जाणारी मुले आमच्या वर्गांत बसलेली असतात. भरतीच्या तयारीसाठी पहाटे धावून दमलेली, आणि पहिल्या तासाला डुलक्या घेणारी.